दुरुस्ती अर्ज

सकाळी सहाला गोळी. त्यानंतर अर्धा तास चहा नाही.
सहकारनगरच्या गॅलरीत हा अर्धा तास
अकरा वर्षं मी नुसती बसून काढते आहे.
समोर पर्वती, पायऱ्यांवर धापा टाकणारी माणसं,
खाली दूधवाल्याचा स्टँडवर न लागणारा स्टँड.

नोकरी जन्म-मृत्यू नोंदणीत.
खिडकीशी रोज कुणीतरी: नाव चुकलं, साल चुकलं,
बापाच्या जागी काकाच लागला.
एकदा भवानी पेठेतले दगडू ताम्हाणे आले
स्वतःच्याच मृत्यूचा दाखला घेऊन.
"मॅडम, आता मी काय करायचं?"
मी म्हटलं, दुरुस्ती अर्ज भरा,
सोबत जिवंत असल्याचा पुरावा जोडा.
ते बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

डॉक्टर गुंजाळांनी रिपोर्टाच्या पाठीवर चित्र काढलं.
सहावं गुणसूत्र, त्याचा आखूड हात,
त्यावर दाटीवाटीनं बसलेली काही जनुकं.
पेशीच्या दारात तुकडा धरून दाखवायचा, एवढंच त्यांचं काम:
बघा, हा घरचा. हा घरचा. हा परका.
"तुमच्या गळ्यातली ग्रंथी परकी म्हणून नोंदली गेली."
कुणी नोंदली?
"तुमच्याच रक्तानं."
ग्रंथी बिचारी फुलपाखराच्या आकाराची,
अंगाची ऊब सांभाळायची, पाळीच्या तारखा,
मी कशावर किती रडायचं तेही.

आपलेच दात, आपलेच ओठ, आई म्हणाली,
आणि भाजी निवडत राहिली.

श्रीरंगचं स्वादुपिंड नवव्या वर्षीच गेलं.
फ्रीजमध्ये त्याचं इन्सुलिन, शेजारी आमचं श्रीखंड.
त्यानं डब्याकडे कधी पाहिलं नाही,
मी मात्र प्रत्येक चमचा चोरल्यासारखा खाल्ला.
मथुआत्याच्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग,
मग दंडावर, मग मानेवर.
मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचं पोलकं.
तीन स्थळं आली, चहा पिऊन गेली.
एका घरातली तीन दुखणी
तीन दवाखान्यांच्या फायलींत वेगवेगळी झोपली होती.
एका पानावर ती कुणी लिहिलीच नाहीत.
आत्या गेली तेव्हा दाखला मीच टाईप केला.
कारणाच्या रकान्यात हृदयविकार.
ते चूक नव्हतं.

आमच्या घरात एक गोष्ट सांगतात.
प्लेगच्या साली आजोबांची आई सात वर्षांची होती.
पेठ ओस, माणसं माळावरच्या झोपड्यांत,
तिच्या झोपडीतून पाच जण उचलले.
सहावी ती. तापली, बरी झाली,
आणि जन्मभर म्हणत राहिली, मला देवीनं राखलं.
मी डॉक्टरांना विचारलं,
ज्या अक्षरांनी तिला राखलं,
तीच आमच्या अंगात वळवळत असतील का?
तेव्हा शत्रू होता, दात लागत होते.
आता शत्रू नाही आणि दात तसेच.
ते म्हणाले, "असं काही ठिकाणी दिसतं.
तुमच्या घरात तसंच झालं असेल, हे सांगता येणार नाही. पुरावा नाही."
पुरावा नाही, हे वाक्य मी दिवसातून तीसदा म्हणते.
माझ्याकडे आलेलं ते पहिल्यांदाच ऐकलं.

काल ऋजुतानं विचारलं, माझं पण तपासायचं का?
मी म्हटलं, जनुक म्हणजे निकाल नव्हे,
तो नुसता एक नाव नोंदलेला कागद,
कधी कधी त्या नावाचा माणूस येतच नाही.
हे गुंजाळांचं वाक्य होतं. माझं म्हणून दिलं.
तिनं माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली,
आवंढा गिळ म्हणाली,
कुठेतरी व्हिडिओत पाहिलं असणार.
मी गिळला.
मग तिनं स्वतःचा गिळला, आरशासमोर,
आणि काही बोलली नाही.

सहा वाजून बावीस मिनिटं.
आधण ठेवल्याचा आवाज येतो आहे.
ती आज लवकर उठली.